चवलीचा माल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेवढं आधीच माफ करावं. चौथी पास झाले आणि आईच्या हाताखाली चुलीशी गेले. त्यानंतर पेन्सिल धरली ती कधीमधी माहेरी पत्र टाकण्यापुरती. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, त्यामुळे धोंडीबाकाकांबद्दल मी तोंडाने कुणाला नीट सांगू शकलेले नाही. कागद मध्येच बोलत नाही, तेवढं बरं आहे.

तर धोंडीबाकाकांची जीभ. ती दर काही दिवसांनी वेगळ्या रंगाची असायची. होळीच्या सुमाराला पळस फुलला की पिवळी, दसऱ्याच्या आगेमागे पारिजातकाच्या दिवसांत केशरी, मंजिष्ठेचा हंडा चुलीवर चढला की विडा न खाताच लाल. चिंचवड गावातली पोरं शाळेला जाताना त्यांच्या दुकानापुढे थांबायची आणि म्हणायची, "काका, जीभ." काका शिवणाचं मशीन थांबवायचे, जीभ बाहेर काढायचे, पोरं ती नीट बघून पुढे जायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

ते शिंपी होते, पण फक्त लहान पोरांचे. कापड शिवायचे तेच आणि झाडापाल्याच्या रंगात रंगवायचेही तेच. रंगवलेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्याचं एक टोक तोंडात धरून चांगलं चोखायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी चोखायचे. "पोर कापड घालत न्हाई, बाय, खातं," असं त्यांचं म्हणणं. "मला पचलं तर त्याला पचंल."

गावात एक नवा कंपाउंडर आला होता. त्याने काकांची पिवळी जीभ पाहिली आणि कावीळ ठरवून बाटलीभर औषध दिलं. काकांनी ते घरी आणून त्यात एक चिंधी बुडवून वाळत घातली. दुसऱ्या दिवशी बाटली परत नेऊन दिली आणि म्हणाले, "औषध चांगलं आसंल, पर रंग धरत न्हाई."

आम्ही जामखेडकडचे. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, तिथे यांना काम लागलं म्हणून आलो. काकांच्या दुकानासमोर एक खोली भाड्याने मिळाली. मी, हे आणि सासूबाई. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात यांची कामावरची विजार गुडघ्यात फाटली. भोंगा व्हायची वेळ झाली होती. शिंपी दारासमोरच, म्हणून हे विजार घेऊन गेले. काकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "राव, ही तुमी चोखता का?"

"काय?"

"इजार. चोखता का?"

"नाही हो."

"मग माझ्याकडं कशापायी आनली?"

हे तशीच फाटकी विजार घालून कामावर गेले आणि पुढे महिनाभर समोरच्या दुकानाकडे बघत नव्हते. मी मात्र खिडकीतून बघायची. परक्या गावात बोलायला कुणी नव्हतं आणि असतं तरी मी बोलले नसते. बघायला काकांचं अंगण होतं. त्यात एक पारिजातक, तीन दगडांची चूल आणि तांब्याचा एक भला मोठा, काळा पडलेला हंडा. काका त्या हंड्याला हात लावायच्या आधी पाय धुवायचे. देवाला नमस्कार करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण हंड्याला करायचे.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे आजाऱ्यांना भेटायला जाणं. गावात कुणी अंथरूण धरलं की काका पिशवी घेऊन हजर. लोकांना वाटायचं, केवढा माया करणारा माणूस. खरं कारण असं की आजारी माणसाला घरचे डाळिंब खाऊ घालतात आणि डाळिंबाच्या सालीचा रंग पक्का पिवळा येतो. उशाशी बसायचे, दोन शब्द विचारायचे आणि उठताना हळूच म्हणायचे, "साली टाकू नका बरं का." एका म्हातारबुवांनी त्यांना विचारलं होतं, "धोंडीबा, मी बरा व्हावा असं वाटतं का तुला?" काका म्हणाले, "व्हा की. पर सावकाश व्हा."

आता मला माझं थोडं सांगावं लागेल. माझं पहिलं मूल गावाकडेच गेलं. ती मुलगी होती. दुसरा मुलगा चिंचवडला आल्यावर झाला. त्याला बघायला यांची बहीण आली होती, तिने त्याच्या मुठीत एक चवली ठेवली. चवली म्हणजे दोन आण्यांचं चौकोनी नाणं. त्याने ते असं घट्ट धरलं की सुटेना. सगळे हसले, म्हणाले, हा पैसा राखणार. तो तीन महिन्यांचा असताना त्याला ताप भरला.

ताप उतरेना तेव्हा एका दुपारी काका पिशवी घेऊन आले. मला वाटलं, सालींना आले. एवढ्याशा मुलाला डाळिंब कोण देतं, घरात साली नव्हत्याच. काका उंबऱ्याच्या आत बसले, पिशवीची घडी करून मांडीवर ठेवली. बराच वेळ बसले. काहीच मागितलं नाही. जाताना फक्त बाळाच्या अंगातल्या पांढऱ्या झबल्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. ते झबलं मी हाताने शिवलं होतं. म्हणाले, "शिवण बाहीर घ्यायची, बाय. आत टोचती."

तो गेला. ते झबलं धुऊन, ती चवली त्यात बांधून, मी पेटीच्या तळाशी ठेवलं.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा घरात कुणी आनंदाने बोललंही नाही. अश्विनात मुलगी झाली. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "दोन गेली. हिला आता आपली म्हणायचीच नाही. विकून टाकू."

ही रीत आमच्याकडे आहे. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल परक्याला विकायचं. म्हणजे सटवाई नशीब लिहायला आली की तिला वाटतं, हे मूल या घरचं नाहीच. मूल वाढतं आपल्याच घरी, पण नावाला दुसऱ्याचं असतं. ते धडधाकट झालं की घेतलेली किंमत जशीच्या तशी परत करून आईने सोडवून आणायचं. किंमत फिटली नाही तर मूल विकलेलंच राहतं.

सासूबाईंनी बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. शेजारच्या बायकांना बोलावलं होतं, पण ज्यांची स्वतःची मुलं लहान होती त्या पुढे व्हायला घाबरत होत्या. सूप तसंच पडून राहिलं. मी आतून बघत होते. तेवढ्यात समोरून काका रस्ता ओलांडून आले, वाकले आणि म्हणाले, "केवढ्याला?"

सासूबाई म्हणाल्या, "सव्वा रुपया."

काकांनी बाळाकडे निरखून पाहिलं. "लई व्हतंय. नाक बी बसकं हाय."

"बसकं? आमच्या घराण्याचं नाक आहे ते."

"मग आनखीन कमी करा. चवली देतो."

सासूबाई बाजारात मेथीच्या जुडीसाठीसुद्धा हटून बसणाऱ्या. त्या विसरूनच गेल्या की हा नुसता विधी आहे. "चवलीत कोंबडी येत नाही, धोंडीबा. जितंजागतं माणूस आहे हे."

"आठ दिसाचं बी न्हाई, माणूस कसलं? आन् बोंब मारतंय बगा किती. चवली. द्यायचं तर द्या."

"रुपया तरी."

"चवली."

आतमध्ये मला हसू आलं. पदर तोंडात धरून मी हसले. मुलगा गेल्यापासून मी हसले नव्हते, त्यामुळे ते हसू आलं की रडू, हे मला आधी कळलंच नाही. शेवटी चवलीवरच सौदा झाला. काकांनी नाणं सासूबाईंच्या हातावर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हातारे, म्हाग घेतलं की नजर जाती. स्वस्तातल्या मालाकडं कुनी बघत न्हाई." सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. विकल्याचा पैसा घरात ठेवत नाहीत, म्हणून त्या चवलीचा गूळ आणून त्यांनी त्याच दिवशी गाईला चारला.

बारशाला सासूबाईंनी भिकी हे नाव काढलं, म्हणजे देवाला हेवा वाटायला नको. काका पुढे येऊन म्हणाले, "माल माजा हाय. नाव मी ठेवनार."

"ठेव बाबा. दगडी ठेव, धोंडी ठेव."

"धोंड्याचं नाव मला ठेवलंय. तेवढं पुरे. हिचं नाव केशर." त्या दिवशी त्यांची जीभ पारिजातकाने केशरी झाली होती.

केशरचं पहिलं झबलं त्यांनी स्वतःच्या जुन्या मऊ धोतराचं शिवलं. तान्ह्या मुलाला कोरं कापड घालत नाहीत. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, बटण एकही नाही, नुसते बंद. पहाटे पारिजातकाखाली पडलेली फुलं वेचून, एकेकाचे केशरी देठ खुडून, वाळवून, उकळून त्यात ते रंगवलं. तो रंग दोन धुण्यांत फिका होतो. मग काका ते पुन्हा घेऊन जायचे. यांनी एकदा म्हटलं, "काका, पक्का रंग का देत नाही?" काका म्हणाले, "पोर तरी या मापाचं कुठं टिकतंय? रंगानं कशाला टिकायचं?" शेजारणी हसायच्या, चवलीच्या पोरीला उलटा कपडा घातलाय म्हणायच्या. काकांना ते ऐकू यायचं. ते म्हणायचे, "सुलटा तुमाला दिसतो. तिला आतनं दिसतो."

आणि मग सुरू झाली मालकी. काका रोज संध्याकाळी माल बघायला यायचे. दाराशी खाकरायचे आणि सरळ आत येऊन केशरला उचलायचे. उजेडात धरून पाठीमागून, पुढून, कापडाचा ताका तपासावा तशी तपासायचे.

"ह्यो डास कुनी चावू दिला?"

"आम्ही बोलावला नव्हता, काका," हे म्हणायचे.

"काजळ कुनाला इचारून घातलं? मी घातलं आसतं तर गोष्ट येगळी."

सासूबाईंना हे सहन व्हायचं नाही. "एवढा मालक लागून गेलास, तर पोर रडतं तेव्हा ये की जोजवायला."

"माल ठेवायला दिलाय तुमच्याकडं. राखन तुमी करायची. सौदा म्हंजे सौदा."

पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालतात. काकांनी हिरडा आणि गंजलेले खिळे भिजवून काळा रंग काढला. तो चोखला आणि हिरड्याच्या तुरटपणाने त्यांचं तोंड असं आखडलं की दिवसभर बोलता येईना. काळी जीभ पाहून शाळेची पोरं पळाली. सासूबाई म्हणाल्या, हा सण वर्षातून चारदा यायला हवा. पण बोरन्हाणाला काका मुकाट्याने कोपऱ्यात बसले होते. केशरच्या डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे पडले, पोरं त्यांच्यावर तुटून पडली, आणि काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालून ती हसली. तेव्हा त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, अजून हिरड्याने तोंड आखडलंय.

केशर चालायला लागली, बोलायला लागली. काकांना ती "मालक" म्हणायची आणि ते तिला "माल" म्हणायचे. नावाने कधी हाक मारली नाही. स्वतः ठेवलेलं नाव, पण तोंडात माल. तिला त्यांच्या अंगणातून उचलून आणायला मला रोज जावं लागे. देठ खुडायला ती बसायची, फुलाचा पांढरा भाग डोक्यावर उधळून घ्यायची आणि देठ हंड्यात. कामाचं कमी, पसारा जास्त. काका म्हणायचे, "मजुरी न्हाई मिळायची. माल हायेस तू, गडी न्हाईस."

एव्हाना पिंपरी कॅम्पात दुकानं झाली होती. तिथे तयार फ्रॉक मिळायचे, चकचकीत, झालर लावलेले, काकांच्या शिलाईपेक्षा स्वस्त. पुडीचा रंगही मिळायचा, पाण्यात टाकला की झालं. काकांकडे येणाऱ्या बायका कमी झाल्या. मशीनचा आवाज खिडकीत कमी ऐकू यायला लागला. त्यांनी कधी कुणाला नावं ठेवली नाहीत. आजाऱ्यांकडे मात्र जायचे. आता साली घेऊन यायचे आणि त्या अंगणात नुसत्या वाळत पडायच्या.

एका दिवाळीला यांनी हौसेने केशरला कॅम्पातला गुलाबी फ्रॉक आणला. ती तो घालून सगळ्या आळीत नाचून आली आणि मग समोर गेली. मला जीव नकोसा झाला. मी मागे धावले, पण तोंडातून हाक निघाली नाही. काकांनी तिला जवळ घेतलं, फ्रॉकचं टोक तोंडात धरलं आणि बाजूला थुंकले. "साबन हाय नुस्ता," म्हणाले. मग तिच्या काखेत बोट घालून बघितलं. "हितं काचतोय का ग?" ती म्हणाली, व्हय. त्यांनी तिथल्या तिथे तो फ्रॉक उतरवला, काखेतली शिवण उसवली, आपल्याकडचा हळदी रंगाचा तुकडा आत जोडून सैल केला आणि तिला परत घालून दिला. "जा. नाच आता."

केशर पाच वर्षांची झाली त्या साली गावाकडे यांचे थोरले भाऊ गेले. जमीन बघायला कुणी उरलं नाही. यांनी कारखान्याचं काम सोडायचं ठरवलं. सासूबाई आधीच्या वर्षी वारल्या होत्या, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात पक्कं होतं. विकलेलं मूल सोडवल्याशिवाय वेशीबाहेर न्यायचं नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन गेलेली असताना तिसरीच्या बाबतीत कुणाला धीर होईल? मी यांना म्हटलं, आधी काकांचे दोन आणे देऊन या.

हे एक रुपया घेऊन गेले. "काका, रुपया ठेवा. मोड नको."

काका एवढे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. "मी पोरीवर याज घेतो का?"

जुनी चवली कुणाकडे मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी हे नवे पैसे घेऊन गेले. तेव्हा नवे पैसे चालू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि बाजारात रोज भांडणं चालायची, कारण दोन आण्यांचे होतात साडेबारा आणि अर्धा पैसा तर नाहीच. यांनी बारा ठेवले.

"अर्धा कमी हाय."

यांनी तेरावा ठेवला.

"अर्धा जास्ती झाला. आता मी तुमचं देनं लागतो. आदी पोर अडकली हुती, आता मी अडकलो."

"अहो काका, अर्ध्या पैशानं काय होतंय?"

"त्या अर्ध्या पैशाची क्येवढी पोर यील, सांगा. एखादं नख यील का न्हाई? मग तेवढं नख माझ्याकडंच ऱ्हायलं का न्हाई?"

हे तणतणत घरी आले. "म्हाताऱ्याला पोर सोडवत नाही, म्हणून ही नाटकं. चल, बांधाबांध कर. कसली चवली घेऊन बसलीस." मलाही वाटलं, तसंच असेल. त्यांना तरी दुसरं कोण होतं. पण तसंच निघायला माझे पाय तयार नव्हते. सामान बांधायचं, सोडायचं, असं माझं चाललं होतं.

शेवटी मी स्वतः गेले. दुपारची वेळ होती. काका हंड्यापाशी बसले होते, चूल विझलेली. मी पदराचं टोक धरून उभी राहिले. त्यांच्याशी मी होऊन बोलले ते पहिल्यांदाच. म्हटलं, "काका, केशरला सोडा. माझी आधीची दोन राहिली नाहीत."

ते म्हणाले, "बस, बाय."

मी बसले. ते हंड्याकडे बघत बोलायला लागले. "माझ्या आईची बी गेली हुती. माझ्या आदीची. म्हनून मला चाकनच्या रंगारणीला इकला. ह्यो तिचाच हंडा. किंमत किती, म्हाईत हाय? सूपभर कोंडा. आई म्हनायची, पुढल्या सुगीला कोंडा घालते न् सोडवते. पुढल्या सुगीच्या आदी साथ आली. आई गेली, बा गेला."

"मग?"

"मग काय. रंगारीण चांगली हुती. खायाला घातलं, हुन्नर दिला. पर तिची पोरं मला इकतचा म्हनायची. येऽ इकतच्या, पानी आन. मी आट-नऊ वर्साचा आसंन, गिरणीतनं सूपभर कोंडा मागून आनला न् तिच्या म्होरं ठेवला. म्हनलं, घे, मला सोड. ती रडाया लागली. म्हनली, लेकरा, आपलं आपल्याला सोडवता येत न्हाई. आईच्या वाटची कुनीबी बाईमानूस येऊ दे, परकी चालंल, मी एका पायावर सोडते." त्यांनी राखेत काडी फिरवली. "कुनी आलं न्हाई. कोंड्याला काय पैसं पडत्यात? पर कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. रंगारीण बी गेली. आता मी ह्या हंड्याचा."

त्यांनी काडी चुलीत टाकली.

"तुमच्या मालकाला वाटतं, मला पोर सोडवत न्हाई. न्हाईच सोडवत, खोटं कशाला बोलू. पर म्हनूनच बारा चालत न्हाईत न् तेरा चालत न्हाईत. तिचं एक नख बी माझ्याकडं ऱ्हाता कामा न्हाई. तिला पुढं कुनी इकतची म्हनलं, तर तिनं मान वर करून सांगाया पायजे, फिटलंय माझं."

मी घरी आले. पेटीच्या तळातलं पांढरं झबलं काढलं. ते बांधल्यापासून मी सोडलं नव्हतं. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. चवली आत तशीच होती, चौकोनी, थोडी काळवंडलेली. त्या झबल्याला आता कसलाच वास येत नव्हता.

मग मी सूप घेऊन गिरणीवर गेले. भाताचा कोंडा मागितला. गिरणीवाल्याने ओंजळभर जास्तच घातला. पैसे विचारले तर म्हणाला, "वहिनी, कोंड्याचे कसले पैसे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी जुंपून उभी होती. मी एका हातात सूप आणि एका हातात केशरचा हात धरून रस्ता ओलांडला. केशर म्हणाली, "मालक, जीभ." काकांनी जीभ दाखवली. तिच्यावर कसलाच रंग नव्हता. ती म्हणाली, "आज माझ्यासारखीच आहे."

मी चवली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली. "जुनीच हाय. कुठं गावली?"

"मुलाच्या मुठीत होती. आधीच्या."

त्यांनी चवली कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. "सौदा फिटला. माझं हिच्यावर काय न्हाई." असं म्हणून ते केशरकडे वळले, दोन्ही हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तुमच्या केशरला जरा उचलून घेऊ का?"

पाच वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी तिला उचललं, पण उजेडात धरून तपासलं नाही. नुसतं खांद्याशी घेतलं. रस्त्यावरून हे हाक मारत होते.

तिला खाली ठेवल्यावर त्यांचं लक्ष सुपाकडे गेलं. "आन् ह्ये काय?"

मी सूप हंड्यापुढे ठेवलं आणि आदल्या रात्रीपासून घोकून ठेवलेलं बोलले. "तुमच्या आईच्या वाटचं. सूपभर ठरला होता ना. सौदा म्हंजे सौदा, काका."

ते उभे होते ते खाली बसले. कोंड्यात हात घातला, बोटांतून तो खाली सोडला, पुन्हा हात घातला. कोंडा कसा आहे ते बघत असावेत असंच कुणालाही वाटलं असतं. मग त्यांनी तळहाताची कड केली आणि सुपावर आलेली शीग हळूच ओढून चुलीपाशी बाजूला काढली.

"शीग न्हवती ठरली," ते म्हणाले. "सपाट सूप हुतं."

सपाट सूप त्यांनी स्वतःच्या हातांनी हंड्यात ओतलं. सूप दोनदा झटकलं, कोंड्याचा एक कणही आत राहू दिला नाही. आणि बाजूला काढलेला जास्तीचा होता तो, ओंजळभर, रिकाम्या सुपात घालून सूप माझ्याकडे परत दिलं.